रोज चालवायची सुपरकार

सुपरकार म्हटली की हाल आलेच: जड क्लच, मागचं धड दिसत नाही, कोंडीत इंजिन तापतं. होंडाने १९९० मध्ये आणलेल्या एनएसएक्सने हे गणित मोडलं.

सांगाडा ॲल्युमिनियमचा, व्ही-६ इंजिन चालकाच्या पाठीमागे. खरी गंमत व्हीटेकची, म्हणजे झडपांची उघडझाप बदलणाऱ्या यंत्रणेची. कमी फेऱ्यांवर झडपा बेताने उघडतात. गाडी भाजी आणायला निघाल्यासारखी शांत! फेऱ्या वाढल्या की तेलाच्या दाबाने पिन सरकते, मोठ्या उंचवट्याचा कॅम ताबा घेतो आणि तेच इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत चढतं.

मॅकलारेन एफ१ या सुपरकारचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी एनएसएक्स स्वतः अनेक वर्षं वापरली. एफ१ साठी त्यांनी मापदंड मानला तो फेरारीचा नव्हे, एनएसएक्सच्या आरामाचा आणि वळणावरच्या पकडीचा.