रजेचा दिवस आणि खामगावचा बाजार

बुलढाणा जिल्ह्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या दांपत्यास सहलीचे स्थळ विचारले, तर शेगाव, लोणार आणि सिंदखेड राजा ही तीन नावे तत्काळ निघतात, आणि ती निघावीत हे उचितच आहे. परंतु श्रीगजानन महाराजांची समाधी, उल्कापाताने निर्माण झालेले सरोवर आणि जिजाऊंचे जन्मस्थान ही रविवारीही यथास्थित पाहता येतात, त्यासाठी रजा खर्ची घालण्याचे प्रयोजन नाही. जे गाव कामाच्या दिवशीच आपले खरे स्वरूप प्रकट करते, आणि म्हणून ज्याच्यासाठी पती-पत्नींनी एका दिवसाची रजा टाकणे सर्वथा योग्य ठरेल, ते खामगाव होय.

या गावाचा उत्कर्ष सातासमुद्रापलीकडील एका कलहाने झाला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद पडून लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या, आणि इंग्रज सरकारची दृष्टी वऱ्हाडातील काळ्या जमिनीवर स्थिरावली. हा मुलूख कागदोपत्री निजामाचा असला, तरी 1853 च्या तहाने त्याचा अंमल इंग्रजांकडे आलेलाच होता. मुंबईहून नागपूरकडे निघालेला लोहमार्ग 1867 साली पूर्ण झाला खरा, पण तो मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा गेल्यामुळे खामगावची कापसाची थोर पेठ आठ मैल बाजूला राहिली. तेव्हा तेवढ्या आठ मैलांसाठी जलंबपासून स्वतंत्र फाटा घालण्यात आला, आणि 1870 च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने त्याच्या उद्घाटनास आले. हिंदुस्थानच्या बड्या लाटसाहेबांनी एवढ्याशा फाट्यासाठी वऱ्हाडचे ऊन सोसावे, यात रयतेविषयीच्या ममतेपेक्षा मँचेस्टरच्या काळजीचा अंश अधिक असावा, असे मानण्यास हरकत नाही.

शक्य असल्यास याच फाट्यावरील गाडीने गावात प्रवेश करावा. बुलढाण्याहून निघणाऱ्यांस बोथ्याच्या घाटाने, ज्ञानगंगा अभयारण्याच्या वनराजीतून जाणारा रस्ता आहे, तोही रमणीय आहे. दिवस कापसाच्या हंगामातला, म्हणजे दिवाळीनंतरचा, निवडावा. बाजार समितीच्या आवारात आता सोयाबीन आणि तूर यांचे ढीग पुष्कळ दिसतात. कापूस पाहावयाचा तर जिनिंगच्या आवाराकडे वळावे लागते. तेथे खरेदीदार गाडीतील कापसाचा एक पुंजका उपसतो, दोन्ही चिमटींत धरून धागा ओढून पाहतो, मुठीत दाबून ओलाव्याचा अंदाज घेतो, त्यात कवडी, म्हणजे किडका कापूस, किती आहे ते निरखतो, आणि भाव बोलतो. एका क्विंटल कापसातून रुई निघते ती साधारण तिसरा हिस्सा, बाकीची बहुतेक सरकी. आणि रुईची एक गाठ 170 किलोंची, म्हणजे एका गाठीच्या पोटात सुमारे पाच क्विंटल कापूस दाबलेला असतो. दरमहा ठरलेल्या तारखेस वेतन घेणाऱ्या दोघा जणांनी, एका कुटुंबाच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल काही क्षणांत कसे ठरते आणि त्या क्षणांत शेतकऱ्याला बोलण्यास वाव किती थोडा असतो, हे शेजारी उभे राहून पाहावे. परतीच्या वाटेवर घरखर्चाची चर्चा काहीशी निराळ्या सुरात होते, हा माझा अनुभव आहे. दुपारनंतर सराफ्याकडे जावे. चांदीच्या कामासाठी हे शहर रजतनगरी म्हणून विख्यात आहे, आणि घ्यावयाचे काही नसले तरी देवपूजेच्या भांड्यांवरील घडण न्याहाळण्यास कोणी मज्जाव करीत नाही.

आता रजेचा प्रश्न. राज्य शासनाच्या सेवकास वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा मिळते, आणि अर्जित रजा जानेवारी व जुलै यांच्या आरंभी पंधरा-पंधरा दिवस खाती जमा होते. कारखान्यातील कामगारास 1948 च्या कायद्याने, आदल्या वर्षी 240 दिवस काम झाले असल्यास, दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली होती. रजा हक्क म्हणून मागता येत नाही असे नियमच सांगतो, आणि साहेबलोकांस तो मुखोद्गत असतो. तथापि खरी अडचण नियमात नसून आपल्या वृत्तीत आहे. साठवलेल्या अर्जित रजेचे, 300 दिवसांच्या मर्यादेत, निवृत्तीच्या वेळी रोखीकरण होते, म्हणून आपण ती ठेवीच्या रकमेप्रमाणे राखतो. आजारपण, लग्नकार्य आणि दुखवटा यांवाचून तिला हात लावणे उधळपट्टी मानतो. आणि क्वचित लावलाच, तर अर्जात ‘खाजगी काम’ असे मोघम लिहून मोकळे होतो. फ्रान्समध्ये 1936 साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली, तेव्हा सहस्रावधी कष्टकरी जोडप्यांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्यांनी ते दिवस निवृत्तीसाठी राखून ठेवले असते, तर त्या कायद्याचे नावही आज कोणी घेतले नसते.

दोघांपैकी एक शिक्षक असेल, तर दिवाळीच्या सुट्टीचे अखेरचे दिवस सोयीचे पडतात, मात्र बाजार केव्हा उघडतो याची चौकशी आधी करून ठेवावी. दोघांची रजा एकाच दिवशी मंजूर होत नसेल, तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबावे. हंगाम फेब्रुवारीपर्यंत चालतो, तेव्हा घाईने एकट्याने जाण्याचे कारण नाही.