दीडशे युरोंचा न्यायाधीश

ड्रॉइंग रूममध्ये आफ्रिकन मास्क लावायची फॅशन तशी जुनीच. तुमच्याकडेही असेल एखादा, सोफ्याच्या वर, स्पॉटलाइटखाली. एकदम एथनिक! पण गॅबनच्या जंगलात तो भिंतीवर नसायचा, अंगावर यायचा. तोही रात्री.

ही गोष्ट फांग लोकांची. गॅबन, कॅमेरून, इक्वेटोरियल गिनी हा त्यांचा पट्टा. त्यांच्यात 'न्गिल' नावाचा एक गुप्त पंथ होता. काम काय, तर पोलीस आणि कोर्ट, दोन्ही. चेटूक करणाऱ्यांना, गुन्हेगारांना हुडकायचं आणि शिक्षा करायची. मशालींच्या उजेडात न्गिलचा माणूस गावात शिरायचा. तोंडावर हातभर लांब लाकडी चेहरा, पांढऱ्या मातीने माखलेला. पांढरा हा तिथे मृतांचा, आत्म्यांचा रंग. लांबलचक नाक, बारीक डोळे, भाव शून्य. गुन्हेगाराची काय टरकत असेल! (माझ्या मते निर्दोष माणसाचीही टरकत असणार. अपिलाची सोय थोडीच होती?)

फ्रेंच साहेबाला हे समांतर कोर्ट चालणार नव्हतंच. 1910च्या सुमारास न्गिलवर बंदी आली. मुखवटे युरोपात पोचले. तिथे पिकासो आणि कंपनी आफ्रिकन मुखवट्यांवर आधीच फिदा होती.

असाच एक मुखवटा 1917च्या सुमारास एका फ्रेंच गव्हर्नरने नेला. पुढे तो घरात पडून राहिला. 2021मध्ये त्याच्या वारसदार वृद्ध जोडप्याने घर आवरताना तो जुनं सामान घेणाऱ्याला विकून टाकला. फक्त 150 युरोंना! मार्च 2022मध्ये माँपेलिएच्या लिलावात त्याच मुखवट्याला 42 लाख युरो मिळाले, म्हणजे तेव्हाचे साधारण पस्तीस कोटी रुपये. हॉलमध्ये काही गॅबनी मंडळी 'आमचा आम्हाला परत द्या' म्हणून ओरडत होती. लिलाव थांबला नाही.

जोडप्याला हे पेपरातून कळलं. मग कोर्टकचेरी. गॅबन सरकारही मध्ये उतरलं. डिसेंबर 2023मध्ये आलेसच्या कोर्टाने दोघांनाही नाही म्हटलं. जोडप्याला सांगितलं, विकण्याआधी किंमत तपासून घेतली नाहीत, हा तुमचाच हलगर्जीपणा.

मला त्या आजी-आजोबांची कीव येते, नाही असं नाही. पण 1917मध्ये फांग गावाला याचे किती मिळाले, हा प्रश्न उरतोच.