रस्ता ओलांडायला किती सेकंद?

रस्ता चोवीस मीटर रुंद आहे असे धरू. सिग्नलची वेळ बसवताना अभियंते पादचाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे पलीकडे पोहोचायला २० सेकंद. पण गुडघे धरलेल्या, हातात भाजीची पिशवी असलेल्या आजी ०.८ मीटरच्या वेगाने चालल्या तर त्यांना ३० सेकंद लागणार. विसाव्या सेकंदाला सिग्नल सुटतो तेव्हा आजी सोळाव्या मीटरवर असतात आणि दुचाकीवाल्यांनी गाड्या रेस करायला सुरुवात केलेली असते. मधल्या या दहा सेकंदांचे काय करायचे, यावरून शहराची पारख होते.

वेळ वाढवता येते, पण त्याने वाहनांची रांग लांबते आणि मग ओरड होते. दुसरा मार्ग अंतर कमी करण्याचा. दुभाजकात माणसे सुरक्षित उभी राहू शकतील एवढी जागा ठेवली, की चोवीस मीटरचे बारा-बाराचे दोन टप्पे होतात. चौकाच्या कोपऱ्याचेही तसेच. कोपरा ऐसपैस गोल ठेवला, की गाड्या वेग न कमी करता वळतात. तोच आवळून फूटपाथ पुढे आणला, तर वाहन आपसूक हळू होते आणि ओलांडायचे अंतरही घटते. झेब्रा फूटपाथच्या उंचीला उचलून घेतला, तर चढ-उतार वाहनाच्या वाट्याला येतो, माणसाच्या नाही.

आपल्याकडे आणखी एक उपाय फार लाडका आहे: माणसालाच वर चढवा. मुंबईत २००८ साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि पुढे त्यांची रांगच लागली. रेल्वेच्या पुलावरून थेट बाहेर पडायला तो सोयीचा, हे मान्य. पण एक चौक ओलांडण्यासाठी दोन मजले चढा-उतरा म्हणणे ही वाहनांची सोय आहे, पादचाऱ्यांच्या नावावर खपवलेली.

पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले. त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावरचे फूटपाथ रुंद झाले, बसायला बाक आले. दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिनही साजरा होतो. कागद आणि उत्सव, दोन्ही उत्तम. घोडे अडते ते देखभालीत.

झेब्रा पट्टे रंगवतात ते रात्री. थर्मोप्लास्टिकची भुकटी भट्टीत वितळवतात, दोरी धरून खडूने आखलेल्या रेघांवर हातगाडीने तो गरम लगदा ओढतात आणि ओला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी भुरभुरतात. गाडीच्या दिव्यात पट्टा चमकतो तो या मण्यांमुळे. चाकांखाली ते हळूहळू निघून जातात. म्हणूनच दिवसा ठीक दिसणारा झेब्रा रात्री, तेही पावसात, दिसेनासा होतो. पाहणी मात्र साहेब दिवसाच करतात!

त्यात खोदाई. केबलसाठी चर खणला जातो, वर डांबर पडते, रोलर फिरतो आणि झेब्र्याचे चार पट्टे कायमचे गायब. खड्डा बुजला, काम संपले. पट्टे पथ विभागाचे, सिग्नलचे दिवे विद्युत विभागाचे, वाहतुकीचे नियमन पोलिसांचे. चौक अख्खा असा कोणाचाच नाही. जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात बांधला तेव्हा कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी दिली होती, हे पुणेकर अजून कौतुकाने सांगतात. झेब्र्यासाठी अशी हमी मागावी असे मात्र कोणाच्या मनात येत नाही. खोदाईची परवानगी देतानाच ‘पट्टे पूर्ववत केल्याशिवाय अनामत परत नाही’ अशी अट घातली आणि पाळली, तर निम्मे काम होईल.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगे फूटपाथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तो हक्क बजावायचा तर तक्रार नेमकी हवी. ‘क्रॉसिंग धोकादायक आहे’ एवढ्याने काही हलत नाही. पुढच्या वेळी मोबाइलमधले स्टॉपवॉच लावा, हिरवा माणूस किती सेकंद दिसतो ते मोजा, रात्री पट्ट्यांचा फोटो काढा आणि सेकंदांच्या आकड्यासह तो महापालिकेला व वाहतूक पोलिसांना, दोघांनाही पाठवा.