नक्कल अर्ज कोणी केला?

अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटले की आपण काय करतो? निषेधाचे पत्रक काढतो, तहसीलवर मोर्चा नेतो, मंत्र्यांना निवेदन देतो. ते करायलाच हवे. पण त्याच दिवशी न्यायालयाच्या नक्कल विभागात निकालाच्या प्रतीसाठी अर्ज कोणी केला, हे किती कार्यकर्ते विचारतात?

प्रश्न क्षुल्लक नाही. २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम १४-अ आले. २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू आहे. विशेष न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवस. पुढे पुरेसे कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो. पण १८० दिवस उलटले की अपील घ्यायचेच नाही, असे या कलमात लिहिले गेले. इतर फौजदारी अपिलांत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली उशीर माफ करून घेता येतो, तिथे अशी कमाल मर्यादा नाही. आणि आपल्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यातच दाराला कुलूप! अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १० ऑक्टोबर २०१८ रोजी ही १८० दिवसांची अट घटनाबाह्य ठरवली. (या अटीने आरोपीचाही अपिलाचा हक्क बुडत होता, हेही खरे.) पण त्या निकालाच्या भरवशावर आपण महाराष्ट्रात हातावर हात ठेवून बसायचे काय?

हे दिवस जातात कुठे? दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले कुटुंब गावी परतते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. निकाल मागेच लागून गेलेला. कलम १५-अ प्रमाणे खटल्याच्या कामकाजाची वेळेवर सूचना मिळणे हा पीडिताचा हक्क आहे. पण उसाच्या फडात नोटीस पोहोचवणार कोण? वर कोणीतरी सांगते, सरकार अपील करील, तुम्ही निर्धास्त राहा.

नक्कल मिळण्यास लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. मात्र ते अर्ज केल्यापासून मोजतात. अर्जच केला नाही, तर वजा काय होणार?

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही सबबही आता नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

तालुक्याच्या प्रत्येक शाखेने आपल्या भागातील खटल्यांच्या निकालाची तारीख फलकावर लिहावी. नव्वदावा दिवस कोणता, तेही त्याखालीच लिहावे.