अंदाजपंचे नव्हे, अठरा ग्रॅम!

आपल्या घरातलं कॉफीचं शास्त्र सोपं. कपात पूड, साखर आणि चमचाभर पाणी घालून रंग फिका होईपर्यंत फेटायचं, वरून उकळतं दूध ओतायचं, जायफळ किसायचं. पूड किती? अंदाजाने. जायफळ किती? चिमूटभर. पण याच कॉफीच्या जगात ‘अंदाजाने’ हा शब्द ऐकला की कपाळाला आठ्या घालणारी एक जमात आहे. बरिस्ता ट्रेनर, म्हणजे कॉफी करणाऱ्यांना घडवणारे मास्तर. पूड ग्रॅममध्ये, वेळ सेकंदांत आणि दूध अंशांत मोजणाऱ्या या मास्तरांच्या दुनियेतल्या काही वाफाळत्या गोष्टी.

‘बरिस्ता’त बार आहे

बरिस्ता हा इटालियन शब्द. अर्थ अगदी साधा: बारच्या मागे उभा राहणारा माणूस. इटलीत तो सकाळी कॉफी देतो आणि संध्याकाळी मद्यही ओततो. बाई असो वा बुवा, एकवचनात शब्द एकच. आपल्याकडे २००० साली याच नावाची कॅफेंची साखळी आली. त्यामुळे अनेकांना बरिस्ता हे आधी दुकानाचं नाव म्हणून कळलं. तो पेशा आहे हे नंतर.

मोठ्याने भुरका मारा!

लहानपणी पंगतीत भुरक्याचा आवाज झाला की कोणीतरी डोळे वटारायचं. ट्रेनर मात्र आवाज झाला नाही तर वटारतात. कॉफीची चव तपासण्याच्या पद्धतीला ‘कपिंग’ म्हणतात. भरड दळलेली ८.२५ ग्रॅम पूड, १५० मिलिलिटर पाणी, तापमान ९३ अंशांच्या आसपास. चार मिनिटं थांबायचं, वर आलेला पुडीचा थर चमच्याने मोडायचा, त्या क्षणी नाक कपात घालून वास घ्यायचा. कॉफी जरा निवली की चमचाभर घेऊन जोरदार भुरका! भुरक्यामुळे कॉफीचा फवारा होऊन जीभभर पसरतो आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. चवीतलं बरंचसं काम नाकच करत असतं. बशीतून फुर्र करत चहा पिणारे आजोबा एका अर्थी जन्मजात कपर होते. फरक इतकाच, की कपिंगवाले भुरका मारून झाला की थुंकून टाकतात. दिवसभरात डझनावारी कप चाखायचे असतील तर गिळून कसं भागेल?

बासमती? छे, हा तर दोष!

वास ओळखण्याच्या तालमीसाठी एक प्रसिद्ध पेटी आहे: फ्रान्सच्या ज्याँ लेन्वार यांची ‘ले ने द्यु काफे’. तिच्यात ३६ चिमुकल्या कुप्या, प्रत्येकीत एक वास. डोळे मिटून हुंगायचं आणि नाव सांगायचं. मटार, काकडी, बटाटा, मध, लोणी, भाजलेले शेंगदाणे. त्यांतले नऊ वास दोषांचे: माती, पेंढा, चामडं, रबर, औषध, धूर... आणि चक्क बासमती तांदूळ! आपल्या स्वयंपाकघरात ज्या घमघमाटाचं कौतुक, तो कॉफीच्या पेटीत आरोपीच्या रांगेत. आंबेमोहोर त्यात नाही हे बरंच झालं, नाहीतर मावळात मोर्चा निघाला असता.

तीन कप, एक वेगळा

तीन कप समोर. दोहोंत एकच कॉफी, तिसऱ्यात वेगळी. वेगळा कप ओळखायचा. ट्रेनरांचा हा लाडका खेळ. त्याची जागतिक स्पर्धाही होते. असे आठ संच, म्हणजे २४ कप, आणि वेळ फक्त आठ मिनिटं. भुरक्यांचा पाऊस पडतो नुसता.

कॉफीचे अधिकृत परीक्षक, म्हणजे ‘क्यू ग्रेडर’, यांना परीक्षेत असल्या अनेक दिव्यांतून जावं लागतं. पास झालं की सुटका नाही. जिभेचा काटा अजून नीट चालतो ना, हे ठरावीक वर्षांनी पुन्हा सिद्ध करावं लागतं. प्रमाणपत्र भिंतीवर टांगून निवांत झोपण्याची सोय नाही.

बाथरूममधला वजनकाटा बारवर

एस्प्रेसोसाठी चाळणीत भरलेली पूड ‘टॅम्पर’ नावाच्या दट्ट्याने दाबतात. जुना नियम होता ३० पौंडांचा दाब, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. आता हा दाब हाताला कसा समजावा? ट्रेनर मंडळींनी नामी युक्ती काढली. माणसं ज्यावर उभं राहून सुस्कारा टाकतात तो वजनकाटा टेबलावर ठेवायचा आणि काटा ३० पौंडांवर येईपर्यंत दाबायचं. हल्लीचे मास्तर आकड्यापेक्षा दट्ट्या सपाट बसतो की तिरका, याकडे जास्त बघतात. पूड एका बाजूला सैल राहिली की पाणी तिथूनच पळ काढतं, अन् कॉफी एकाच वेळी कडू आणि आंबट लागते.

दूध वाचवा, साबण वापरा

नव्या शिकाऊंच्या वर्गात दुधाची नासाडी फार. म्हणून पहिल्या तालमी दुधावर होतच नाहीत. जगमध्ये गार पाणी, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब, आणि त्यात वाफेची नळी. फेस अगदी दुधासारखा वळतो, चकाकतो, ओततानाही तसाच वागतो. हात बसला की मग खरं दूध. तालीम संपल्यावर जग दहादा विसळायचं, हे वेगळं सांगायला नको.

डॉक्टर ग्राइंडर, नाडी बघा

इटलीतल्या पारंपरिक एस्प्रेसोचं सूत्र लक्षात ठेवायला सोपं: ७ ग्रॅम पूड, २५ सेकंद, २५ मिलिलिटर. आजच्या बहुतेक नव्या कॅफेंत दुहेरी शॉट चालतो: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी, २५ ते ३० सेकंद. पण काल जमलेलं गणित आज जमेलच असं नाही. बिया एका दिवसाने जुन्या झाल्या, हवा दमट झाली, की शॉट धो-धो तरी वाहतो नाहीतर थेंब-थेंब तरी पडतो. मुंबईच्या पावसात ज्याचे पापड मऊ पडलेत त्याला हे समजावण्याची गरज नाही. म्हणून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दळण बारीक-भरड करत शॉट काढायचे, चाखायचे, फेकायचे. याला म्हणतात ‘डायल-इन’. ट्रेनर आधी हे शिकवतात. कपातल्या फेसावर बदक, मोर आणि हृदय काढायला नंतर.

ऐंशी टक्के कचऱ्यात

कॉफीच्या पुडीतलं नेमकं किती पाण्यात उतरावं? १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीचे रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी यावर काम केलं. सुवर्णमध्य निघाला १८ ते २२ टक्क्यांचा. कमी उतरलं तर आंबट-पाणचट, जास्त उतरलं तर कडू-तुरट. म्हणजे चांगल्या कॉफीतही पुडीचा ऐंशीएक टक्के भाग चोथा म्हणून बाहेर. त्यांचा आलेख आजही ट्रेनिंगच्या वर्गात भिंतीवर दिसतो. घरी चोथा पुन्हा उकळून ‘दुसरं पाणी’ काढणाऱ्यांनी तिकडे बघू नये.

ज्वालामुखीचा अभ्यासक कॅफेत

दळताना पुडीला स्थिर वीज चढते आणि ती सगळीकडे चिकटते. कॉफीवेडे लोक अनेक वर्षं त्यावर उपाय करत होते: दळण्याआधी बियांवर पाण्याचा हलका शिडकावा. हे खरंच चालतं का, याचा छडा २०२३मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्तोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. त्या चमूत ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचे अभ्यासक होते! राख काय, पूड काय, कण कणावर घासला की वीज आलीच. निष्कर्ष: शिडकावा चालतो. वर एस्प्रेसोही जास्त दाट उतरते.

पंधरा मिनिटं, बारा पेयं, शून्य इटालियन

जागतिक बरिस्ता स्पर्धा सुरू झाली २००० साली, मोनॅकोतल्या माँटे कार्लोमध्ये. ठरलेला साचा असा: १५ मिनिटांत चार एस्प्रेसो, चार दुधाची पेयं आणि चार स्वतःच्या डोक्यातली पेयं, आणि हे सगळं परीक्षकांशी गप्पा मारत. पूड किती सांडली, फडका कुठे ठेवला, यालाही गुण. सासूबाईंची नजर बरी म्हणायची!

गंमत बघा. पहिल्या सात स्पर्धांपैकी सहा नॉर्वे आणि डेन्मार्कने जिंकल्या. आणि एस्प्रेसोचं माहेर असलेल्या इटलीचा बरिस्ता? २०२५पर्यंत एकदाही नाही. २०१८मध्ये पोलंडच्या अग्नियेश्का रोयेव्स्का ही स्पर्धा जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

या स्पर्धकांच्या मागे असतात प्रशिक्षक, अगदी क्रिकेटसारखे. २०१३चा विजेता अमेरिकेचा पीट लिकाटा. पुढच्याच वर्षी त्याने जपानच्या हिदेनोरी इझाकीला तयार केलं आणि इझाकी आशियातला पहिला विश्वविजेता झाला. २०१५चा विजेता ऑस्ट्रेलियाचा साशा सेस्टिच तर खराखुरा खेळाडू. २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तो हँडबॉल खेळला होता.

सात हजार दुकानांना एकदम सुट्टी

२६ फेब्रुवारी २००८. स्टारबक्सने अमेरिकेतली आपली सुमारे ७,१०० दुकानं संध्याकाळी बंद केली. संप नाही, सण नाही. एस्प्रेसो नीट कशी काढायची याची उजळणी करायची होती! साधारण १ लाख ३५ हजार कर्मचारी तीनेक तास विद्यार्थी झाले. आपल्याकडे ‘दुकान १ ते ४ बंद’ असतं ते वामकुक्षीसाठी, हे पुणेकरांनी नोंदवून ठेवावं.

कॉफीची पण शाळा असते

इटलीतल्या इली कंपनीने १९९९मध्ये नेपल्समध्ये चक्क ‘कॉफीचं विद्यापीठ’ काढलं. पुढे ते त्रिएस्तला हललं. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या अभ्यासक्रमात बरिस्ताकाम, ब्रूइंग, भाजणी, कच्ची बी आणि चव-वास असे वेगवेगळे विषय आहेत. परीक्षा देत देत १०० गुणांक जमवले की पदविका. हे शिकवण्यासाठी संस्थेची मान्यता असलेले ट्रेनर लागतात.

आपल्याकडची मोठी शाळा बंगळुरूच्या कॉफी बोर्डाची. तिथे कॉफीच्या गुणवत्तेची पदव्युत्तर पदविका आहे आणि ‘कापी शास्त्र’ नावाचा छोटा अभ्यासक्रमही. सुनालिनी मेनन याच बोर्डात चव तपासत मोठ्या झाल्या. पुढे त्यांनी बंगळुरूत स्वतःची ‘कॉफीलॅब’ उभारली. आशियातल्या पहिल्या महिला कॉफी-टेस्टर म्हणून त्या ओळखल्या जातात. आणि मुंबईकरांनी कॉलर ताठ करावी अशी एक गोष्ट: सरकारी आश्रयाने निघालेल्या इंडिया कॉफी हाउसचं पहिलं दुकान १९३६मध्ये चर्चगेटला उघडलं होतं.

मास्तर दिवसभर करतात काय?

बहुतेकांची सुरुवात बारमागे, कप विसळण्यापासून. मग सीनियर, मग हेड बरिस्ता, मग ‘तूच नव्या पोरांना शिकव’. पुढे वाटा फुटतात. कोणी साखळीच्या दुकानांत गावोगाव फिरून चव सगळीकडे सारखी ठेवतो, कोणी भाजणीच्या कारखान्यात बिया पारखतो, कोणी मशीन कंपनीसाठी प्रात्यक्षिकं करतो, कोणी नव्या कॅफेवाल्याला मशीन, मेनू आणि माणसं निवडून देतो. पथ्यंही आहेत. कपिंगच्या दिवशी अत्तर नाही, तिखट नाश्ता नाही. मिसळ रविवारी.

आणि गिऱ्हाइकाशी तह करणं हेही शिकवावं लागतं. दूध ६० ते ६५ अंशांवर गोड लागतं, सत्तरी ओलांडली की उकळल्या दुधाचा वास मारतो. पण काउंटरवर आवाज येतो, ‘जरा कडक गरम द्या हो!’ शास्त्र वर्गात, गिऱ्हाईक समोर.

शेवटी थर्मामीटर कपाटात

सुरुवातीला शिकाऊंच्या जगमध्ये थर्मामीटर खोचलेला असतो. काही दिवसांनी अनेक मास्तर तो काढून घेतात. तळहात जगला लाव, म्हणतात. चटका बसून हात ठेववेना झाला, की अजून दोन-तीन सेकंद आणि वाफ बंद. कानही हवा: हवा शिरताना कागद हळूच टरकावल्यासारखा आवाज यायला हवा, किंचाळी नको. मग थर्मामीटरने पडताळायचं. आकडा जुळेपर्यंत पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

म्हणजे एवढे ग्रॅम, सेकंद आणि अंश घोकून झाल्यावर माणूस पोहोचतो कुठे? हाताच्या अंदाजापाशीच. जायफळ किसणाऱ्या आजीची चिमूट कोणी काट्यावर ठेवून बघितली नाही. बघितली असती तर रोज तेवढीच भरली असती, यावर एक कप कॉफीची पैज!