आधी पश्चात्ताप, मग दया?
(लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला मोठा भाऊ पाहिला. धाकटा परत आला म्हणून बाप मेजवानी देतो आणि हा दाराबाहेर रुसून बसतो. येशूला मानणारा समाज या भावाच्या जागी कसा जाऊन बसतो, हे पाहण्यासाठी आज टेक्सासला जाऊ.

१९८३ साली ह्यूस्टनमध्ये कार्ला फे टकर हिने साथीदाराबरोबर एका पुरुषाचा आणि एका स्त्रीचा कुदळीने खून केला. वय २३, अमली पदार्थांच्या पुरती आहारी गेलेली. देहदंडाची शिक्षा झाली. तुरुंगात तिने बायबल हाती घेतले आणि ती ख्रिस्ताला शरण गेली. टीव्हीवरच्या मुलाखतींतला तिचा प्रसन्न चेहरा अमेरिकेने पाहिला. देहदंडाचे समर्थक असलेले धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसनही तिच्या जिवासाठी रदबदली करू लागले. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही विनंती केली. माफी मंडळाने अर्ज फेटाळला. मंडळाच्या शिफारशीशिवाय राज्यपालाला ३० दिवसांची स्थगिती तेवढी देता येत होती. आपल्या श्रद्धेबद्दल उघडपणे बोलणारे जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी तीही दिली नाही. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी हंट्सव्हिलच्या तुरुंगात तिला विषारी इंजेक्शन दिले गेले. बाहेरच्या गर्दीत कुणी प्रार्थना करत होते, कुणी जल्लोष.

जल्लोषाची चीड येतेच. पण मला जास्त छळते ती रदबदली. आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, टेक्सासने ३७ जणांना देहदंड दिला होता. त्यांच्यासाठी एवढा गलबला झाला नाही. कार्लासाठी झाला, कारण ती बदलली होती, गोड बोलत होती, आपल्यातली झाली होती. म्हणजे दयेसाठी आधी पात्रता सिद्ध करायची!

शुभवर्तमानातला क्रम उलटा आहे. जक्कय हा लोकांना नाडणारा जकातदार. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि तुझ्या घरी उतरणार म्हणतो. लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कय त्यानंतर बोलतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या चाकराचे प्रचंड कर्ज धनी माफ करतो, तेही त्याची परीक्षा न घेता. बाहेर पडताच तोच चाकर किरकोळ रकमेसाठी सोबत्याचा गळा धरतो.

हा क्रम ज्याला उमगला तो माणूस त्या रात्री तुरुंगात हजर होता. रॉन कार्लसन हा खून झालेल्या स्त्रीचा भाऊ. त्याने कार्लाला क्षमा केली होती आणि देहदंडाच्या वेळी तो तिच्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. मृत स्त्रीचा पती दुसऱ्या बाजूला होता. त्याच्या दुःखाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. ज्यांचे काहीच गेले नव्हते, त्यांच्या जल्लोषाबद्दल मात्र बोललेच पाहिजे.

२०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिक्षणात बदल करून देहदंड कोणत्याही परिस्थितीत अमान्य ठरवला. प्यू संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत मात्र अमेरिकेतले ५८ टक्के कॅथलिक देहदंडाच्या बाजूने होते. गोऱ्या इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंटांत हे प्रमाण ७५ टक्के. निरीश्वरवाद्यांपैकी ६५ टक्के विरोधात होते.

पुढच्या आठवड्यात मिसूरी राज्य. तिथे १९९९ साली पोपनी शब्द टाकला आणि बॅप्टिस्ट राज्यपालाने तो पाळला, पण एकाच कैद्यापुरता.