गाजर गोड, तरी हलकं

कोकणातल्या अंजनवेल गावच्या घरांतही वजन कमी करताना गाजर गोड म्हणून टाळलं जातं. या समजाला ग्लायसेमिक इंडेक्सने (अन्नातली साखर रक्तात किती वेगाने उतरते याचं माप) बळ दिलं. १९८१च्या पहिल्या यादीत गाजराचा आकडा ९२ होता. नंतरच्या मोजण्यांत तो निम्म्याहून खाली आला.

शिवाय वेग म्हणजे प्रमाण नव्हे. पऱ्ह्या (छोटा ओढा) जोरात धावला, तरी गावाजवळच्या वाशिष्ठीच्या खाडीत त्याचं पाणी थोडंच पडतं.

१०० ग्रॅम कच्च्या गाजरात सुमारे ८८ ग्रॅम पाणी, ५ ग्रॅमच्या आत साखर, जवळपास ३ ग्रॅम तंतू आणि अवघ्या ४१ कॅलरी असतात. कोशिंबिरीत ओलं खोबरं घातलं, की बीटा-कॅरोटिन (शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व बनणारं नारिंगी द्रव्य) चांगलं शोषलं जातं. हलव्यातली साखर, तूप आणि खवा मात्र वेगळे मोजावेत.